चप्पल पायातून का निसटते?

सोयाबीन काढणीला आलं की रेणापूरच्या शिवारात सकाळपासून विळे चालू होतात. पात धरली की तासन्‌तास उकिडवं बसून पुढं सरकायचं. उठताना पायाला मुंग्या येतात, पाय झटकला की जातात. पण कधी पाऊल जडच राहतं. चप्पल निसटते, अंगठा उंबऱ्याला अडतो. पाय झोपला असेल म्हणून आपण तसंच चालतो. पण तो झोपलेला नसतो, नस दबलेली असते.

नस म्हणजे रक्ताची शीर नव्हे. ती हालचालीचा निरोप नेणारी तार. पायाच्या नसा कंबरेतून निघतात. मांडीच्या पुढच्या नसेमुळं गुडघा सरळ होतो, पायरी चढता येते. कुल्ल्याच्या नसांमुळं एका पायावर उभं राहिलं तरी कंबर कलत नाही. सगळ्यांत जाड ती सायटिका नस. ती कुल्ल्यातून मांडीच्या मागं उतरते आणि गुडघ्याच्या वर तिचे दोन फाटे होतात. एक पोटरीत जातो. त्याच्या जोरावर आपण चवड्यावर उभ्या राहतो. दुसरा पाऊल वर उचलतो.

आता गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला बोट लावा. हाडाचा टणक उंचवटा लागतो ना? त्याच्या लगेच खालून हा दुसरा फाटा हाडाला वळसा घालतो. वर फक्त कातडी. फार वेळ उकिडवं बसलं की तो दाबला जातो.

घरीच बघा. भिंतीचा आधार घेऊन चार पावलं टाचांवर चाला, मग चवड्यांवर. एक पाऊल टाचेवर उचलतच नसेल तर मालिश करत बसू नका, दवाखाना गाठा. पायावर बधीर चट्टा असेल तर तोही दाखवा. कुष्ठरोगातही हीच नस धरते, आणि त्याची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. दोन्ही पायांतली ताकद गेली, बसायची जागा बधीर झाली किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी निघा.

गुत्त्याचं काम असतं, उठलं की पात मागं पडते, हे खरं. म्हणून सगळ्या जणी मिळून ठरवा : थोड्या थोड्या वेळानं एकदम उठायचं, पाय लांब करायचे, चार पावलं चालायचं. पात मागं पडली तर तासाभरात भरून निघते. पाऊल लुळं पडलं तर महिनोन्‌महिने मजुरी बुडते.