गेमिंगचा कॉम्प्युटर आणि आमचा कर्जाचा ठराव

वाकडच्या आमच्या बचतगटांच्या वतीने आज आम्ही बोलतोय. विषय ऐकून काही जणी हसतील, काही जणी रेडिओ बारीक करतील. विषय आहे गेमिंगचा कॉम्प्युटर. पण दोन मिनिटं थांबा, कारण हल्ली आमच्या गटांकडे जे कर्जाचे अर्ज येतात, त्यांत शिलाई मशीन आणि दवाखान्याच्या बरोबरीने हाही अर्ज येऊ लागलाय. मुलगा दहावी-बारावी झालेला, समोर हिंजवडीच्या कंपन्यांच्या इमारती दिसतात, आणि घरात मागणी असते, "आई, चांगला पीसी पाहिजे." चांगला म्हणजे गेमिंगवाला. त्यावर गेमही चालतो, व्हिडिओ एडिटिंगही होतं आणि थ्रीडी ॲनिमेशनही शिकता येतं. मुलं खोटं बोलत नाहीत. जी मशीन जड गेम नीट चालवते, ती ही कामंही नीट करते.

प्रश्न मुलांच्या हट्टाचा नाही. प्रश्न हा, की साठ-सत्तर हजारांची ती काचेची, रंगीत लाइटची पेटी त्या पैशाची आहे का, हे आपण कसं ओळखायचं?

आम्हाला ते ओळखता आलं नव्हतं, तिथून सांगतो. २०२३ मध्ये आमच्या एका सभासद ताईने मुलासाठी ३८ हजारांचं कर्ज मागितलं. ताई तीन सोसायट्यांमध्ये स्वयंपाकाची कामं करतात. आम्ही जामीनदार कोण ते विचारलं, आधीचे हप्ते पाहिले, इतिवृत्तात "मुलाच्या शिक्षणासाठी" असं लिहिलं, सह्या झाल्या. मशीन कोणती, हे एकीनेही विचारलं नाही. कागदावर लिहिलेलं होतं, "आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड, गेमिंग पीसी". आय-सेव्हन म्हणजे सगळ्यात वरचं, एवढं सगळ्यांना ऐकून माहीत.

सात महिन्यांनी एका संध्याकाळी जळका वास आला आणि पेटी बंद पडली. दुरुस्तीवाल्याने उघडली, तेव्हा कळलं की आतलं आय-सेव्हन तिसऱ्या पिढीचं, म्हणजे २०१२ सालचं होतं. ग्राफिक कार्ड जीटी ७३०, २०१४ मध्ये बाजारात आलेलं मॉडेल. ऑफिसमधून निघालेल्या जुन्या कॉम्प्युटरचे भाग नव्या कॅबिनेटमध्ये बसवून वर चार लाइटचे पंखे लावले होते. जळला तो वीजपुरवठ्याचा डबा, ज्याला दुकानदार एसएमपीएस म्हणतात, आणि जाताना तो मदरबोर्डलाही घेऊन गेला. पक्कं बिल नव्हतं. साध्या कागदावर आकडा आणि खाली एक सही. दोन हजारांचे एकोणीस हप्ते होते. ताईंनी त्यातले शेवटचे बारा हप्ते बंद पडलेल्या मशीनसाठी भरले, एकही चुकवला नाही. बैठकीत त्या पैसे मोजून ठेवायच्या तेव्हा आम्हालाच मान वर करवत नसे.

त्यानंतर आम्ही शिकायला बसलो. मुलांना विचारलं, दुरुस्तीवाल्याला चहा पाजून विचारलं. जे कळलं ते सांगतो.

पहिलं, "आय-सेव्हन" हे नाव अर्धंच आहे. स्कूटर कुठल्या सालची, हे विचारल्याशिवाय आपण जुनी स्कूटर घेतो का? तसंच हे. नावापुढचा पूर्ण नंबर मागायचा. आय-सेव्हन ३७७० असेल तर पहिला ३ म्हणजे तिसरी पिढी. आय-फाइव्ह १२४०० असेल तर पहिले दोन आकडे, १२, म्हणजे बारावी पिढी. हा बाराव्या पिढीचा आय-फाइव्ह त्या जुन्या आय-सेव्हनपेक्षा कितीतरी पुढचा आहे. शिवाय विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते, आणि विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे जुन्या पिढीची मशीन कितीही चमकली तरी ती मावळतीकडे निघालेली आहे. काही नंबरांच्या शेवटी एफ असतो, १२४००एफ असा. त्यात स्वतःची चित्र दाखवायची सोय नसते. ग्राफिक कार्ड बिघडलं तर स्क्रीनवर काहीच येत नाही. वाईट नाही, स्वस्त पडतो, पण माहीत असावं.

दुसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, ग्राफिक कार्ड. गेमचा सगळा भार ह्याच्यावर. इथे "४ जीबी" हा आकडा फार फसवतो. जीटी ७३० वरही ४ जीबी लिहिलेलं मिळतं आणि जीटीएक्स १६५० वरही ४ जीबी असतं, पण दोघांच्या ताकदीत बैलगाडी आणि मोटारीइतका फरक. जीबी म्हणजे सामान ठेवायची जागा, इंजिन नव्हे. आणखी एक खोच आहे. आरटीएक्स ३०५० नावाचं कार्ड ८ जीबीतही येतं आणि ६ जीबीतही. फरक फक्त दोन जीबीचा वाटतो, पण ६ जीबीवाल्याचं इंजिनही लहान आहे. म्हणून बिलावर पूर्ण नाव, जीबी आणि कंपनी, तिन्ही पाहिजे. आमचा एक ठोकताळा झालाय. गेमिंग म्हणून विकत असतील तर पेटीच्या किमतीतला सगळ्यात मोठा वाटा ह्या कार्डाचा असला पाहिजे. तो कॅबिनेट, लाइट आणि पाण्याच्या कूलरवर गेला असेल तर उठून यायचं.

तिसरा तो एसएमपीएस. जाहिरातीत प्रोसेसर असतो, रॅम असते, ह्याचं नाव नसतं. जिथे नाव नसतं तिथेच दुकानदाराने वाचवलेलं असतं, असं आम्ही आता धरूनच चालतो. नुसतं "५०० वॉट" चालणार नाही. कंपनी कोणती, त्यावर ८० प्लसचा शिक्का आहे का, ब्रॉन्झ आहे का, वॉरंटी किती वर्षं, हे विचारायचं. दोन-अडीच हजार इथे वाचवून पन्नास हजारांचा माल धोक्यात घालायचा नाही. ताईंच्या घरचा तो वास आमच्या अजून नाकात आहे.

रॅम आणि एसएसडी पटकन सांगतो. १६ जीबी रॅम असेल तर ८-८ च्या दोन पट्ट्या एका पट्टीपेक्षा जास्त वेग देतात. एसएसडी असलीच पाहिजे, आणि एनव्हीएमई असेल तर बरं. कॅबिनेटची पुढची बाजू बंद काचेची असेल तर हवा कुठून जाणार? जाळीची बघा, दिसायला साधी असली तरी.

आता यंदाचा नव्हे, २०२५ च्या जानेवारीतला अर्ज. ह्या वेळी मुलासाठी नाही, मुलीसाठी. डिप्लोमाला आहे, एडिटिंग शिकते, आणि रविवारी गेम खेळते. बैठकीत लगेच कुजबुज, "मुलगी गेम खेळते?" आम्ही म्हटलं, मुलाच्या वेळी आपण असं विचारलं नव्हतं. विषय तिथे संपला.

दुकानाचा भाव होता ६६ हजार. आम्ही अट घातली, की प्रत्येक भागाचं पूर्ण नाव लिहून आणा, मग ठराव. यादी आली. मुलीने आणि तिच्या मामेभावाने त्याच आठवड्यातले सुट्या भागांचे भाव काढले, काही वाकडमधून, काही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून. बेरीज आली ५४ हजार ७००, त्यात कार्डच २४ हजारांचं. म्हणजे मधले ११ हजार ३०० कशाचे? जोडणी, तपासणी आणि पुढची सेवा ह्याचे पैसे दुकानदाराने घ्यावेत, तो त्याचा धंदा आहे, आपणही पापडाला नुसते उडदाचे पैसे लावत नाही. पण ११ हजार?

मग आम्ही पाच जणी डांगे चौकातून रिक्षा करून दुकानात गेलो. दुकानदार हसून म्हणाला, "मावशी, तुम्ही खेळणार का?" आम्ही म्हटलं, पैसे आम्ही देणार. त्याने सांगितलं की विंडोज मोफत टाकून देतो. मोफत म्हणजे परवाना नसलेलं, हे मुलीने तिथेच सेटिंगमध्ये अॅक्टिव्हेशन उघडून दाखवलं. बोलता बोलता लाइटचे पंखे कमी झाले, साधी जाळीची कॅबिनेट आली आणि भाव ५८ हजार ५०० वर आला, पक्क्या बिलासकट, जीएसटी धरून. विंडोज वेगळं घ्यायचं ठरलं.

पैसे देण्याआधी मशीन तिथेच सुरू करायला लावा. कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सवर गेलं की प्रोसेसरचं नाव, रॅम आणि ग्राफिक कार्डचं नाव दिसतं. यादीशी जुळवा. मग मुलांना तासभर गेम चालवू द्या. आपण मागच्या बाजूला हात धरून गरम हवा बाहेर येते का ते बघायचं, पंख्याचा आवाज ऐकायचा. मिक्सर घेताना आपण हेच करतो.

बिलावर प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर घ्या. वॉरंटी त्यावरच मिळते, आणि भागाभागाची वेगळी असते. आमच्या ह्या दुसऱ्या मशीनची रॅमची एक पट्टी चौथ्या महिन्यात गेली. नंबर बिलावर होता, तीन आठवड्यांनी बदलून मिळाली. एकही रुपया लागला नाही, फक्त मुलीची चिडचिड ऐकावी लागली. मोठ्या कंपनीची तयार मशीन घेतली तर घरी येऊन दुरुस्ती मिळू शकते, ते सोपं पडतं. पण काही कंपन्या मदरबोर्ड आणि एसएमपीएस आपल्याच मापाचे बसवतात, वॉरंटी संपल्यावर बाजारातला दुसरा बसत नाही. हे आधी विचारा.

आणि वाद झालाच, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. पण बिल पाहिजे. आमच्या पहिल्या ताईंकडे तेच नव्हतं.

घरचा हिशेबही मांडा. पेटीच्या भावात मॉनिटर, कीबोर्ड, माऊस बहुतेक वेळा धरलेला नसतो. खेळताना मशीन ३०० वॉट घेत असेल आणि रोज चार तास चालली, तर महिन्याला ३६ युनिट होतात. आपल्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, तेव्हा छोट्या यूपीएसवर ती मशीन टिकणार नाही, फार तर नीट बंद करण्यापुरता वेळ मिळेल. तोही बघून घ्या, आणि यूपीएसचे वॉट विचारून घ्या.

कित्येक आया विचारतात, पोरगा ह्यावर पैसे लावेल का? पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंदी आली आहे. तरी आपल्या मोबाइलचा यूपीआय पिन मुलांना देऊ नका, मशीन कितीही साधी असो.

वर्षभरापूर्वीचे आमचे आकडे जसेच्या तसे धरू नका. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव खूप चढले, कारण एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी वाढवली. म्हणून यादी आणि सुट्या भागांचे भाव एकाच आठवड्यातले पाहिजेत.

त्या पहिल्या ताईंचा मुलगा आता एका दुरुस्तीच्या दुकानात शिकतोय. कोरा अर्ज आमच्याकडे तयार आहे, भागांची नावं लिहायला दहा रकाने आहेत, ते त्यानेच आखून दिले. ज्यांना हवा असेल त्यांनी बैठकीला येताना दुकानाची यादी घेऊन यावी. यादी नसेल तर अर्ज पुढच्या महिन्यात घेऊ.