बॅग लिटरवर नाही, पाठीवर बघा

परवा एकाने मेसेज केला, "अंबडहून पुण्याला अभ्यासाला निघालोय, ४० लिटरची सॅक घेऊ की ६० ची?" म्हटलं, आधी तुझी पाठ किती लांब आहे ते सांग. तो गप्पच झाला.

मी पण तेच केलं होतं. फोटो बघून मोठी सॅक मागवली, पुस्तकं कोंबली, रात्रभर एसटीत बसलो. वाकडेवाडीला उतरून रूमपर्यंत चालताना उजव्या हाताला मुंग्या. पट्टे खांद्यात रुतलेले आणि कमरेचा पट्टा पोटावर! सॅक माझ्या पाठीपेक्षा लांब होती, दुसरं काही नाही.

आता माप कसं घ्यायचं? मान खाली घाला. मानेच्या बुडाशी एक हाड वर येतं, तिथे शिलाईचा टेप धरायला सांगा. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवा, अंगठे मागे. अंगठ्यांच्या रेषेपर्यंत जे अंतर येईल ती तुमची पाठ. उंचीवर जाऊ नका. सारख्या उंचीच्या दोघांचं माप वेगळं निघू शकतं. मुलींनी तर हे मापच बघा, कारण बऱ्याच सॅक त्यांच्या पाठीला लांब पडतात.

दुकानात रिकामी सॅक घालून आरशात बघण्यात काही अर्थ नाही, रिकामी कुठलीही छानच बसते. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो. सहा बाटल्या भरून न्या. दुकानदार हसेल, हसू द्या. आधी कमरेचा पट्टा, तो हाडावर बसला पाहिजे. मग खांद्याचे पट्टे ओढा, शेवटी छातीचा. जास्तीत जास्त ओझं कमरेवर आलं पाहिजे, खांद्यांनी फक्त सॅक सावरायची. कमरेला नुसती पातळ नाडी असेल तर ती सॅक पुस्तकांसाठी नाहीच.

घरी आणल्यावर, परत करायची मुदत संपायच्या आत, तीच भरलेली सॅक घेऊन मत्स्योदरीच्या पायऱ्या चढून या. देवीचं दर्शनही होतं आणि कुठे काचतंय तेही कळतं. लेबल मात्र काढू नका बरं का!

वजनाचं म्हणाल तर शाळेच्या दप्तरासाठी केंद्राच्या २०२० च्या धोरणात मुलाच्या वजनाच्या १० टक्के ही मर्यादा आहे. मोठ्यांसाठी ट्रेकवाले साधारण २० टक्के धरतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ किलो, सॅकचं वजन धरून. जाडजूड पुस्तकं पाठीला चिकटून, मधल्या उंचीवर ठेवा, कपडे खाली.

आणि त्या मित्राला मी ४० च सांगितली. ६० ची एसटीच्या रॅकवर बसवताना मारामार होते, शिवाय जागा दिसली की आई त्यात लोणच्याची बरणी कोंबतेच. पुढच्या भागात बुटांबद्दल बोलू.