जुन्या जीपला ऑइल प्रेशर मीटर

जुनी डिझेल जीप घाटात चढवताना ऑइलचा लाल दिवा लागलेला नाही, म्हणून निर्धास्त राहू नका. बऱ्याच गाड्यांत दाब अर्ध्या बारच्या आसपास उतरल्यावरच तो लागतो. तोवर बेअरिंगचं नुकसान सुरू झालेलं असू शकतं. काट्याचं मीटर मात्र दाब घसरू लागला की लगेच दाखवतं.

एका प्रकारच्या मीटरमध्ये बारीक नळीतून तेलच डॅशबोर्डपर्यंत येतं. वाचन खात्रीचं, पण नळी फुटली तर गरम तेल थेट पायावर! मी तरी विजेवरचंच घेईन. त्यात दाब मोजणारा सेंडर इंजिनाकडे राहतो, आत येते फक्त वायर.

खरी मेख आट्यांची. लाल दिव्याचा जुना स्विच काढून दुकानात न्या आणि आटे जुळवूनच टी-जोड आणा, म्हणजे सेंडरसोबत स्विचही बसेल आणि दिवा कायम राहील. न जुळणारा जोड पान्यानं दामटलात, तर ब्लॉकचे आटे जातील. जड सेंडर टीवर लोंबकळत ठेवू नका. कच्च्या रस्त्याच्या हादऱ्यांनी जोड तडकतो. होज लावून सेंडर बॉडीवर बसवा. एका वायरच्या सेंडरला अर्थिंग त्याच्या धातूच्या अंगातूनच मिळतं, म्हणून क्लॅम्पखालचा रंग खरवडायला विसरू नका.

तापलेल्या इंजिनाला दर हजार आरपीएममागे दहा पीएसआय, हा गॅरेजमधला ढोबळ हिशेब. काटा शून्याकडे झुकला, तर गाडी बाजूला घ्या, इंजिन तत्काळ बंद करा आणि आधी डिपस्टिक बघा.