वेतन घ्यावे, पण ठरवावे कोणी?

(वारजे येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



लोकप्रतिनिधीला वेतन मिळावे, ही मागणी मुळात कष्टकऱ्यांची आहे. १८३८ च्या चार्टिस्ट सनदेत ती होती; ब्रिटिश खासदारांना वर्षाला ४०० पौंड मिळू लागले ते १९११ साली. वेतन नसेल तर कायदेमंडळात धनिकच बसणार. १९३७ साली मुंबई प्रांताच्या काँग्रेस मंत्र्यांनी दरमहा ५०० रुपये वेतन ठरविले, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्या विधेयकावर टीका केली. मंत्र्याचे वेतन ठरविताना कार्यक्षमता, लोकशाही आणि कारभाराची शुद्धता यांचा विचार हवा, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यागाच्या कौतुकात आपली मंडळीही पुष्कळ रमली. मला ते कधीच फारसे पटले नाही.

तेव्हा ‘किती’ यापेक्षा ‘ठरविणार कोण’ हा प्रश्न मोठा. आपले वारजे १९९७ साली महापालिकेत आले. त्याआधी येथे ग्रामपंचायत होती. सरपंचाचे मानधन राज्य सरकार ठरविते. सप्टेंबर २०२४ मध्ये ते दुप्पट झाले, तरी आठ हजारांहून अधिक वस्तीच्या गावच्या सरपंचालाही महिन्याला १० हजारच. नगरसेवकाचे मानधनसुद्धा सरकारच्याच हाती. आमदारांचे वेतन मात्र आमदारच ठरवितात. घटनेच्या १९५ व्या अनुच्छेदाने तो अधिकार विधिमंडळाला दिला आहे.

ऑगस्ट २०१६ मध्ये तो कसा वापरला गेला? लागोपाठच्या दुष्काळातून राज्य नुकतेच बाहेर पडत होते. एरवी एकमेकांवर तुटून पडणाऱ्या बाकांनी चर्चेविना विधेयक मंजूर केले. सुमारे ७५ हजारांची रक्कम दीड लाखांच्या वर गेली आणि प्रधान सचिवाच्या वेतनाशी जोडली गेली. पुढच्याच वर्षी अंगणवाडी सेविकांना मानधनवाढीसाठी जवळजवळ महिनाभर संप करावा लागला.

या जोडणीतली मेख ध्यानात घ्या. अधिकाऱ्याचा महागाई भत्ता वाढला की आमदाराचे वेतनही वाढते. सभागृहात तोंड उघडावे लागत नाही. खासदारांनीही २०१८ साली दर पाच वर्षांनी निर्देशांकानुसार आपोआप वाढ मिळण्याची सोय करून घेतली. महागाईची भरपाई न्याय्य आहे, हे अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी मान्य करीन. पण तिच्या आडून जाब देण्याचा प्रसंगच टळतो.

ब्रिटनने खासदारांच्या खर्चाचे प्रकरण गाजल्यावर २००९ साली स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले. अमेरिकेत १९९२ च्या घटनादुरुस्तीनुसार वेतनातील बदल पुढील निवडणुकीनंतरच लागू होतो. आपण निदान ही दुसरी अट मागू या: स्वतंत्र आयोगाने शिफारस करावी, सभागृहात तिच्यावर नावानिशी मतदान व्हावे आणि वाढ पुढच्या विधानसभेपासून मिळावी. आपल्या पक्षाच्या उमेदवाराकडून हे आधी लिहून घ्यावे, मग इतरांच्या दारी जावे.