मूल वाचवणारे ज्ञान आईच्या हाती

(अंबड, नाशिक येथे कामगार वस्तीतील पालकांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



साप्ताहिक सुट्टीचा दिवस मोडून तुम्ही इथे आलात, म्हणून थेट विषयावर येतो. पाच वर्षांखालची मुले कोणत्या संसर्गाने दगावतात? न्यूमोनिया, जुलाब, गोवर आणि जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातला जंतुसंसर्ग, ही त्यातली मोठी कारणे. यांतल्या बहुतेकांवर लस किंवा साधे, स्वस्त औषध आहे. मग मूल का जाते? बहुतेक वेळा मदत उशिरा पोहोचते म्हणून. मदत वेळेवर कशी पोहोचवायची, यावर आपल्याच महाराष्ट्रात जगाने दखल घेतलेले संशोधन झाले आहे.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. मुले न्यूमोनियाने मरत होती आणि डॉक्टर लांब होते. त्यांनी गावातल्याच आरोग्यसेवकांना आणि दायांना शिकवले. मूल किती वेगाने श्वास घेते ते मोजायचे आणि वेग जास्त असेल तर लगेच प्रतिजैविक औषध सुरू करायचे. ज्या दायांना मोठे आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी मण्यांचे साधे यंत्र बनवले. 1990 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. या पद्धतीने उपचार झालेल्या न्यूमोनियाच्या मुलांपैकी शंभरात एकही पुरता दगावला नाही, प्रमाण 0.8 टक्के होते. जिथे ही सोय नव्हती, त्या गावांत ते 13.5 टक्के होते. औषध तेच, फरक फक्त ते कुणाच्या हातात आहे याचा.

त्यानंतर त्यांनी नवजात बाळांकडे लक्ष वळवले. 39 गावांत थोड्याफार शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण दिले. बाळाला ऊब कशी द्यायची, श्वास अडला तर काय करायचे, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, इंजेक्शन कधी द्यायचे, हे त्या घरोघर जाऊन करू लागल्या. त्या गावांत हजार जन्मांमागे 62 बाळे पहिल्या महिन्यात जात होती. तीन वर्षांत हा आकडा 25 च्या आसपास आला. हा अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे 2011 पासून देशभरात आशाताई नवजात बाळाच्या घरी भेटी देऊ लागल्या. आपल्या दारात येणारी आशाताई कुठल्या संशोधनाची वारस आहे, हे आपल्याला माहीत हवे. ती आली की चहा विचारा, पण त्याआधी बाळ दाखवा.

दुसरे उदाहरण शेजारच्या देशाशी जोडलेले. 1971 च्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजायला सुरुवात केली आणि मृत्यू झपाट्याने खाली आले. पुढे ‘ब्रॅक’ या बांगलादेशी संस्थेने हे ज्ञान घराघरांत नेले. त्यांच्या महिला कार्यकर्त्या 1980 ते 1990 या काळात एक कोटीहून अधिक घरांत गेल्या आणि चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी हे प्रमाण आयांना शिकवले. यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. कार्यकर्तीचा मोबदला ती किती घरांत गेली यावर ठरत नव्हता. आईच्या किती लक्षात राहिले आणि तिला पाणी नीट करता येते का, हे तपासून तो ठरत असे. आणि पुरुषांना बाजूला ठेवून काम पुढे जात नाही हे दिसल्यावर मशिदीत, बाजारात, शाळेत पुरुषांशीही बोलणे सुरू झाले.

आता आपल्या जवळ या. 2022 च्या शेवटी मुंबईत गोवंडीला आणि आपल्याच जिल्ह्यात मालेगावला गोवर पसरला. गोवंडीत मुले दगावली. ‘हे लोक लसच घेत नाहीत’ अशी चर्चा तेव्हा ऐकू आली. ते अर्धेच खरे आहे. कोविडच्या काळात लसी राहून गेल्या होत्या. दहा बाय दहाच्या खोलीत सात-आठ माणसे राहत होती, मुले कुपोषित होती, कुटुंबे गाव आणि शहर यांत फिरत होती. गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना आजारी करू शकतो. गोवर बरा झाल्यावरही शरीराची इतर रोगांशी लढण्याची ताकद बराच काळ कमी राहते, म्हणून मागून न्यूमोनिया गाठतो.

पण उरलेले अर्धे आपले आहे. ‘लस दिली की ताप येतो’, ‘लसीने मूल होत नाही’ अशा गोष्टी आपल्या मोहल्ल्यात फिरतात आणि आपण ऐकून गप्प बसतो. लसीनंतर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो; तो गोवराइतका महाग पडत नाही. लसीने वंध्यत्व येते या बोलण्याला कसलाही आधार नाही.

अंबडची अडचण मला दिसते. एमआयडीसीत काम करणारे कोणी मराठवाड्यातून, कोणी खानदेशातून, कोणी उत्तर प्रदेश-बिहारमधून आले. बाळंतपण माहेरी, कार्ड गावी, बाप शिफ्टला, आई रोजंदारीवर. म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा. सरकारी केंद्रावर लस मोफत आहे, मग मूल कुठेही जन्मलेले असो. कार्ड हरवले तरी जा. राहिलेल्या डोसापासून पुढे चालू करता येते. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. किरकोळ सर्दीमुळे लस टाळू नका.

आपल्याकडे ‘पसली चल रही है’ म्हणतात ना, तोच न्यूमोनियाचा इशारा. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखाली 60, वर्षाखाली 50, पाच वर्षांखाली 40 किंवा त्याहून जास्त असेल, किंवा छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर सकाळची वाट पाहू नका, तडक दवाखाना गाठा. जुलाबात ओआरएस आणि चौदा दिवस झिंक. अंगावरचे दूध बंद करू नका.

महापालिकेकडेही मागणी करू या. लसीकरणाचे सत्र कामगारांच्या सुट्टीच्या दिवशी, वस्तीतच व्हावे. नव्याने राहायला आलेल्या घरांची नोंद व्हावी. पाणी स्वच्छ मिळावे. ही मागणी खैरात नाही, आपला हक्क आहे. मात्र तो मागताना आपल्या गल्लीतल्या किती मुलांचे डोस राहिले आहेत, याची यादी आपल्या हातात असली पाहिजे. ती यादी करायला दोन रविवार पुरतील. आज इथून उठण्याआधी गल्लीवार नावे ठरवू या.