शाळा सुटल्यावर ही पोरं जातात कुठे?

आजचं बोलणं कुणा एकीचं नाही. आम्ही अकरा जणी आहोत, आणि आमच्या प्रत्येकीच्या घरी असं एक लेकरू आहे ज्याला शिकायला, बोलायला किंवा हिशेब समजायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो. कुणाला डाउन सिंड्रोम आहे, कुणाला स्वमग्नता आहे, एकीच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे, दोघींची पोरं दिसायला अगदी चारचौघांसारखी आहेत पण वाचायला बसली की अक्षरं त्यांच्या हाती लागत नाहीत. सरकारी कागदावर या सगळ्यांना 'दिव्यांग' म्हणतात. आमच्यातल्या काहींना हा शब्द फारसा आवडत नाही, पण कागदावर तोच लिहावा लागतो, म्हणून आज आम्हीही तोच वापरतो.

लहान मुलांबद्दल या रेडिओवर आधी बोलून झालं आहे. अंगणवाडीत आणि शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, पंचायत समितीच्या आवारातल्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षक असतात, जे मूल शाळेत येऊच शकत नाही त्याच्या घरी जाऊन शिकवायची सोय समग्र शिक्षा योजनेत आहे, आणि पहिली ते बारावीच्या दिव्यांग मुलींना महिना २०० रुपये असा दहा महिन्यांचा भत्ताही त्यात आहे. ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांनी आपल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना एवढंच विचारावं, "आमच्या गावाला गट साधन केंद्रातून कोणते सर किंवा मॅडम येतात?" नाव आणि येण्याचा वार कळला की पुढचं सोपं होतं.

आज बोलायचं आहे ते मोठ्या पोरांबद्दल. चौदा-पंधरा वर्षांपासून पुढे. कारण २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क देतो. एकोणिसाव्या वाढदिवसाला मूल शहाणं होऊन उठत नाही, पण शाळेचं दार मात्र बंद झालेलं असतं. मग पोरगं घरी बसतं. सहा महिन्यांत वजन वाढतं, शिकलेलं विसरायला लागतं, चिडचिड सुरू होते. आणि त्याच्यासोबत आई घरी बसते. शेतमजुरीला जाणारी बाई मजुरीला जायची थांबते. हे आम्ही अकरा घरांत पाहिलं आहे.

पहिली गोष्ट दाखल्याची. पूर्वीच्या, म्हणजे १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. नव्या कायद्यात एकवीस आहेत. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता त्यात आल्या. त्यामुळे दहा-बारा वर्षांपूर्वी ज्यांना "हे यादीत बसत नाही" म्हणून परत पाठवलं होतं, त्यांनी पुन्हा जायला हवं. अर्ज ऑनलाइन होतो, सेतू केंद्रात भरून मिळतो. आधार कार्ड आणि फोटो लागतो. मग जिल्ह्याच्या सिव्हिलला ठरलेल्या वारी तपासणी, आणि पुढे ते यूडीआयडी कार्ड मिळतं. बहुतेक योजनांना किमान ४० टक्के लागतात.

सिव्हिलला जाताना एक गोष्ट लक्षात ठेवा. बौद्धिक अक्षमतेच्या तपासणीत नुसतं मुलाला विचारत नाहीत, आईलाही विचारतात. तो अंघोळ स्वतः करतो का? पैसे मोजतो का? एकटा दुकानात जातो का? तिथे आईचा जीव वर येतो. लेकराला कुणी कमी म्हणू नये असं वाटतं. म्हणून बाई सांगते, "हो, हो, सगळं करतो माझा राजा." आणि अंघोळीचं पाणी ही काढून देते, साबण ही लावते, दुकानदार ओळखीचा म्हणून चिठ्ठी वाचून सामान देतो, हे सांगायचं राहून जातं. तिथे जे आहे तेच सांगायचं. मदतीने करतो तर मदतीने करतो म्हणायचं. दुसरं म्हणजे, अक्षमता सौम्य असली तरी तिचे ५० टक्के धरतात. "आमचा तर थोडाच आहे, आम्हाला कोण दाखला देणार" म्हणून घरी बसू नका. आणि दाखल्यावर मुदतीची तारीख असेल तर ती कॅलेंडरवर लिहून ठेवा, गॅसचा नंबर लावल्याची तारीख लिहितो तशी.

अध्ययन अक्षमतेचं जरा वेगळं आहे. ही पोरं बुद्धीने कमी नसतात, म्हणूनच त्यांना 'आळशी' हे नाव पडतं आणि माराचा वाटा त्यांच्याच पाठीवर जास्त. त्यांचं प्रमाणपत्र आठव्या, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी तपासायचं असतं, अठराव्या वर्षीचं आयुष्यभर चालतं. दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक, गणकयंत्र अशा सवलती बोर्ड देतं, पण त्यासाठी शाळेने बोर्डाकडे वेळेत प्रस्ताव पाठवायला लागतो. फेब्रुवारीत हॉल तिकीट हातात आल्यावर धावपळ करून उपयोग नाही. नववी सुरू झाली की प्रमाणपत्राच्या मागे लागा. ज्यांना नेहमीच्या दहावीचा भार झेपतच नाही, त्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची परीक्षा आहे. एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षांत थोडे थोडे विषय सोडवता येतात. आमच्यातल्या एकीच्या मुलाने तीन वर्षांत पाच विषय काढले. ज्या दिवशी शेवटचा निकाल आला त्या दिवशी त्याच्या आजीने गल्लीत साखर वाटली.

आता अठरा वर्षांची गोष्ट. ही नीट ऐका, कारण बऱ्याच शिकलेल्या घरांतही ती ठाऊक नसते. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याने आईबाप त्याचे पालक राहत नाहीत. मग ते मूल स्वतःची सही करू शकत असो वा नसो. आमच्या एका मैत्रिणीच्या मुलाचं बँकेत अज्ञान मुलांचं खातं होतं, त्यात पेन्शनचे पैसे यायचे. तो अठराचा झाला आणि काउंटरवरचे साहेब म्हणाले, "त्याला घेऊन या, सही करू दे." त्याला घेऊन गेली. त्याने कागदावर छान गोल काढला आणि साहेबांकडे बघून हसला. खातं बंद. सात महिने पैसे अडकले.

यावरचा उपाय १९९९ सालच्या नॅशनल ट्रस्टच्या कायद्यात आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या अठरा वर्षांवरच्या व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी स्थानिक समिती असते. आईबापांनी मिळून अर्ज करायचा, वकील लागत नाही, कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. त्या समितीचं प्रमाणपत्र बँकेने मान्य करायचं असतं, तशी रिझर्व्ह बँकेची सूचनाच आहे. आमच्या मैत्रिणीने ते प्रमाणपत्र आणलं तेव्हा खातं सुरू झालं. मात्र पालक झाला म्हणजे मालक झाला असं नाही. मुलाच्या नावावर जमीन-घर असेल तर सहा महिन्यांत त्याची यादी समितीला द्यावी लागते, आणि दरवर्षी हिशेबही. हे चांगलंच आहे. चुलत्यांनी गोड बोलून सातबारा फिरवल्याची उदाहरणं आपल्या तालुक्यात कमी नाहीत.

याच नॅशनल ट्रस्टची निरामय नावाची आरोग्य विम्याची योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंतची. तीत वयाची अट नाही, आधी तपासणी नाही, आणि थेरपीचा खर्चही बसतो. तिची नोंदणी ट्रस्टकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत होते. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कचेरीत द्यायचा. एसटीत तिकिटाची ७५ टक्के सवलत आहे. घरात कुणाला जुन्या पद्धतीचं सरकारी निवृत्तिवेतन असेल, तर ज्या मुलाला स्वतः कमावता येत नाही त्याला आईबापांमागे कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. त्याची नोंद कशी करायची ते बाप हयात असताना त्याच्या कार्यालयात जाऊन विचारा, नंतर कागद जमवताना तारांबळ उडते.

आता मुलींबद्दल. पुरुषमंडळी ऐकत असतील तर त्यांनीही ऐकावं. मुलगी वयात आली की पहिला सल्ला येतो, "पिशवी काढून टाका, कटकट नको." हा सल्ला शेजारीण देते, आणि कधी कधी दवाखान्यातूनही मिळतो. १९९४ साली शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया पुण्यात झाल्या, तेव्हा महाराष्ट्रभरच्या बायका रस्त्यावर आल्या होत्या. आजचा कायदा स्पष्ट आहे. तिच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय मूल होण्याची क्षमता जाईल असा कोणताही उपचार दिव्यांग व्यक्तीवर करता येत नाही. आणि ज्यांना वाटतं की पिशवी काढली म्हणजे मुलगी सुरक्षित झाली, त्यांना आम्ही विचारतो, हात लावणाऱ्याला पिशवी दिसते का? उलट काही घडलं तर कळायचाही मार्ग बंद होतो.

पाळीत पॅड बदलणं ही शिकवायची गोष्ट आहे. आम्ही कापडाच्या बाहुलीवर शिकवलं. चड्डीवर पॅडच्या आकाराची रेघ शिवून दिली, म्हणजे कुठे चिकटवायचं ते दिसतं. एकीला चार महिने लागले, एकीला दीड वर्ष. पण शिकल्या.

आणि आता कामाचं. मुंबईत १९४४ पासून जय वकील शाळा आहे. नाशिकला १९७७ मध्ये रजनीताई लिमये यांनी प्रबोधिनी सुरू केली, त्या स्वतः अशा मुलाच्या आई. डोंबिवलीजवळ खोणीला पालकांनी मिळून घरकुल उभं केलं. अशा ठिकाणी मोठ्या मुलांसाठी कार्यशाळा चालतात. पण आपल्या तालुक्यातून पोराला रोज नाशिकला कसं न्यायचं? म्हणून गेल्या वर्षापासून आम्ही समाजमंदिरात आठवड्यातून तीन दिवस, अकरा ते दोन, नऊ मुलांना एकत्र बसवतो. शेंगा फोडणं, धान्य निवडणं, कापडी पिशव्यांना नाडी ओवणं, पाकिटं चिकटवणं. दोन जणी आळीपाळीने थांबतो, बाकीच्या कामाला जातो. तेवढ्या तीन दिवसांनी चार बायांची मजुरी परत सुरू झाली.

त्यातला एक मुलगा पुढे पिठाच्या गिरणीत लागला. त्याला काम एकदम सांगितलं नव्हतं. आधी आठवडाभर फक्त डबे ओळीत लावायचे. मग डब्यावरची चिठ्ठी तशीच राहील असं झाकण ठेवायचं. मग काट्यावर डबा ठेवून आकडा वाचायचा. दोन महिन्यांनी गिरणीवाले काका म्हणाले, "हा कधी डबे अदलाबदल करत नाही, बाकीचे करतात." ते त्याला पहिल्यांदा वडापाव देऊन पाठवायचे. आम्ही जाऊन सांगितलं, काका, पुण्य नको, पगार द्या. आता आठवड्याचे पैसे त्याच्या हातात पडतात, आणि तो ते आईला न देता आधी स्वतः दोनदा मोजतो.

अडचण जागेची आहे. समाजमंदिरात लग्नसराईत आम्हाला उठवतात. एप्रिल-मे पूर्ण बंद, आणि त्या दोन महिन्यांत पोरं पुन्हा घरी. तिथे मुलींसाठी संडासाची धड सोय नाही. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. बहुतेक ठिकाणी ते वर्षाला थोडे थोडे खात्यांवर टाकून मोकळे होतात. घरात गरज आहे तिथे ते पैसे मिळावेत, त्याला आमची ना नाही. पण चार गावांनी त्यातला काही भाग एकत्र केला, तर एक कायमची खोली, संडास आणि एका सांभाळणाऱ्या बाईचं मानधन निघेल, असं आमचं गणित आहे. ते आम्ही लिहून पंचायत समितीला दिलं आहे. सही-शिक्क्याची पोच आमच्याकडे आहे, उत्तर नाही. येत्या ग्रामसभेत आम्ही चारही गावांत हा विषय मांडणार आहोत. ग्रामसभेत बायका मागे बसतात. त्या दिवशी पुढे बसा, एवढी विनंती.

ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी सोमवार, बुधवार किंवा शुक्रवारी अकरा वाजता समाजमंदिरात या. येताना मुलाला आणा. कागद असतील ते सगळे एका पिशवीत घालून आणा, जुना दाखला, शाळेचा दाखला, आधार, रेशनकार्ड. नसतील तरी या, काय लागतं ते तिथे बसून ठरवू. आणि मुलाचा डबा आणा, कारण दोन वाजता सगळे मिळून जेवतात.