समान भाड्याचा हिशेब

१९५९ साली भिलाईत पहिली ब्लास्ट फर्नेस पेटली आणि नोकरीसाठी आपली माणसे इकडे आली. त्याच दशकात सरकारने नियम केला: पोलादाचा दर देशभर एकच. प्रत्येक टनावर सरासरी रेल्वेभाडे सारखेच. म्हणजे भट्टीशेजारचा गिऱ्हाईक पुण्याच्या कारखानदाराचे भाडे भरणार! मग यंत्रांचे कारखाने बंदर-बाजारपेठ सोडून इथे कशाला येतील? आपल्या मुलखाच्या भरभराटीतला काही वाटा या भूमीच्या खिशातला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. (विदर्भाच्या कापसाला मात्र ही सवलत नव्हती, बरं का!) १९९० च्या दशकाच्या आरंभी नियम उठला. तिकडे रुजलेले कारखाने काही इकडे आले नाहीत.